लिव्ह गप्प झाली तेव्हा

एल्ड्रिड घरी आली त्या दिवशी सासरच्या ब्रेक्का शेताच्या उतारावर गवत कापून पडलं होतं आणि आभाळ पार खाडीच्या पाण्यापर्यंत खाली उतरलं होतं. दूधगाडीवाल्याने तिला वळणावर सोडलं, पेटी फाटकाशी ठेवली आणि हात न मिळवताच तो निघून गेला. एल्ड्रिडला त्याचं काही वाटलं नाही. क्षयाच्या दवाखान्यातून आलेल्या बाईशी कोण हात मिळवतो! चौदा महिन्यांत एवढं तिला कळून चुकलं होतं.

सगळी माणसं उतारावरच होती. खांब रोवून तारा ओढल्या होत्या आणि ओलं गवत मुठीमुठीने त्या तारांवर चढवायचं चाललं होतं. नवरा हालवार, सासरा आयविन आणि नणंद गुन्वोर. गवताच्या एका ढिगावर पोतं अंथरून त्यावर एक पोरगी बसवली होती. पिवळे केस, तोंडाला माती. एल्ड्रिड दवाखान्यात गेली तेव्हा ही तिची लेक पाच महिन्यांची होती. आता एकोणीस.

हालवार खाली आला. विजारीला हात पुसत तिच्यासमोर उभा राहिला.

"आलीस."

"आले."

"बारीक झालीस."

"तिथं मला वजन करकरून जाड केलंय," एल्ड्रिड हसून म्हणाली. "तुला आठवण राहिली नाही."

मग त्याने तिला जवळ घेतलं, पण जपून, काचेचं भांडं धरावं तसं. तिच्या डाव्या बाजूच्या फासळ्या काढल्यात हे त्याला पत्रातून कळलं होतं. तो खांदा आता दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली बसायचा.

एल्ड्रिड ढिगाकडे गेली, गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. किती वेळा केले होते तिने हे हात पुढे, दवाखान्याच्या व्हरांड्यात पडल्या पडल्या, मनातल्या मनात! पोरीने तिच्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की पलीकडच्या शेतातल्या माणसांनी माना वर केल्या. गुन्वोरने दाताळं टाकलं आणि धावत येऊन तिला उचललं. पोरीने तोंड तिच्या मानेत खुपसलं.

"मम्मा, मम्मा!"

गुन्वोर लाल झाली. "मी आत्या, लिव्ह. मी आत्या. ही बघ मम्मा." मग एल्ड्रिडकडे न बघता म्हणाली, "ओळख नाही ना अजून. होईल."

"होईल की," एल्ड्रिड म्हणाली. गुडघ्यांना ओल लागली होती. ती उठली, पेटी उघडली आणि विणलेला स्वेटर काढला. हिवाळाभर विणला होता. तो लिव्हच्या अंगाला लावून पाहिला तर बाह्या कोपरापर्यंतच आल्या. तिने तो जुन्या फोटोतल्या पोरीच्या मापाने विणला होता.

"शेजारच्या नेसाच्या बाळाला होईल," आयविन म्हातारा वरून ओरडला. "चला आता, पाऊस येतोय!"

आणि पाऊस आलाच. मग तो सतरा दिवस येत राहिला.

त्या सतरा दिवसांत घरात गवताच्या वासाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तोही चांगला वास नव्हे. तारांवरचं गवत आतून काळं पडत चाललं होतं. हालवार दिवसातून चार वेळा जाऊन आत हात घालून बघायचा आणि परत यायचा. एल्ड्रिडला डॉक्टरने सहा महिने दाताळं धरायला बंदी केली होती, म्हणून ती स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलायची. तिचा कप वेगळा होता. कानाला लाल दोरा बांधलेला. तो दोरा आयविनने बांधला होता, आणि जेवण झालं की तो कप तो स्वतः उकळत्या पाण्यात टाकायचा.

"बाबा, तीन वेळा तपासलंय मला," ती एकदा म्हणाली. "माझ्यात आता काही नाही."

"असेल," म्हातारा म्हणाला. "पाणी तापलेलंच आहे, म्हणून टाकतो."

कपाचं तिला सोसलं. पण एकदा जेवताना तिला ठसका लागला, नुसता भाकरीचा ठसका, आणि गुन्वोरने लिव्हची खुर्ची सरकन आपल्याकडे ओढून घेतली. ओढल्यावर आपण काय केलं ते गुन्वोरला समजलं. एल्ड्रिडने पुढचा बटाटा सोलायला घेतला, पण सुरी नीट चालेना.

लिव्ह सगळ्यासाठी गुन्वोरकडे जायची. पडली की गुन्वोर, भूक लागली की गुन्वोर, कोंबडं दिसलं तरी ते दाखवायला गुन्वोर. एल्ड्रिडने पेजेचा चमचा पुढे केला तर ओठ मिटून बसायची आणि तोच चमचा गुन्वोरच्या हातात गेला की चिमणीसारखं तोंड उघडायची. गुन्वोर चौतीस वर्षांची. आडव्या हाडाची, कमी बोलणारी. खाडीच्या पलीकडच्या तोर्लाइफ नावाच्या होडी बांधणाऱ्याशी तिचं लग्न ठरलं होतं, ते या पोरीपायी वर्षभर थांबलं होतं. हे सगळं एल्ड्रिडला ठाऊक होतं. तिच्यावर रागवावं तर कशाच्या जोरावर? आणि न रागवावं तरी कसं?

मग वरच्या गोठ्याचा प्रश्न आला. ब्रेक्काच्या शेळ्या उन्हाळाभर डोंगरावर असायच्या आणि तिथेच दूध काढून चीज व्हायचं. वर राहणारी शेजारची बाई पाय मुरगळून खाली आली. कुणीतरी जायला हवं होतं.

"गुन्वोरने जावं," आयविन टेबलावर हात ठेवून म्हणाला. "दोन्ही कामं होतील."

"कोणती दोन?" हालवारने विचारलं.

"शेळ्या आणि पोरगी. आत्या डोळ्यांसमोर आहे तोवर ती आईकडे जायची नाही. डोळ्यांआड झाली की आठ दिवसांत विसरेल. वासरू नाही का विसरत!"

गुन्वोर भांडी धूत होती. तिची पाठ तशीच राहिली.

"तिला घेऊन जाऊ का वर?" ती पाठमोरीच म्हणाली.

"मग काय उपयोग?" म्हातारा म्हणाला.

सगळ्यांनी एल्ड्रिडकडे पाहिलं. तिला कळत होतं की 'नको' म्हणायला हवं. पण तिच्या आत काहीतरी आनंदाने टुणकन उठलं होतं. नंतर पुष्कळ दिवस तिला त्या आनंदाची लाज वाटत राहिली.

"बाबा म्हणतात तसं करू," ती म्हणाली.

गुन्वोर दुसऱ्या दिवशी पहाटे निघाली. पाठीवर पिठाची पिशवी, हातात काठी. दारात थांबून म्हणाली, "उठवून सांगू का तिला? नुसतं एवढंच की जातेय म्हणून."

"नको," एल्ड्रिड म्हणाली. "उगाच रडेल."

"हो. रडेल," गुन्वोर म्हणाली आणि गेली.

लिव्ह उठली. पाळण्याचा कठडा धरून तिने हाक मारली. मग दुसरी मारली. एल्ड्रिड आत गेली तशी ती मागे सरकली आणि तिच्यामागे दाराकडे बघत राहिली. अजून कुणी येईल म्हणून. कुणी आलं नाही.

तीन दिवस ती रडली. असं रडणं त्या घराने ऐकलं नव्हतं. दाराची कडी हाताला लागत नव्हती, तर दारावर कपाळ आपटायची. गुन्वोरच्या खोलीत जाऊन पलंगाखाली वाकून बघायची. आवाज बसला तेव्हा बसल्या आवाजात रडली. एल्ड्रिड तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या घालायची आणि पोरगी अंग धनुष्यासारखं ताणून तिच्यापासून लांब व्हायची. डाव्या बाजूची ती शिवण रात्रंदिवस ठणकत होती.

चौथ्या दिवशी लिव्ह गप्प झाली.

सकाळी उठली, हाक मारली नाही. एल्ड्रिडने चमचा पुढे केला, तिने तोंड उघडलं. मांडीवर घेतलं, बसली.

"काय म्हणत होतो?" आयविनने पाईप पेटवला. "आठसुद्धा लागले नाहीत."

हालवारने बायकोच्या खांद्यावर, चांगल्या खांद्यावर, हात ठेवला. एल्ड्रिडचे डोळे भरून आले. तिने पोरीचे केस विंचरले, वेणीसारखं काहीतरी घातलं आणि दिवसभर तिला घेऊन बसली. जड, ऊबदार पोरगी! चौदा महिने हेच तर मागितलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात येऊ लागलं. पोरगी मांडीवर बसत होती खरी, पण बटाट्याचं पोतं बसावं तशी. खाली ठेवली तर तिथेच. उचलली तर उचलली. शिंगरू बघायला जनावरांचा डॉक्टर आला, अनोळखी मिशीवाला माणूस, त्याने सहज हात केले तर त्याच्याकडेही गेली. त्याच्या कडेवर बसून खिडकीबाहेर बघत राहिली.

"शहाणी आहे हो तुमची पोर!" तो म्हणाला.

त्याच दुपारी ती उंबऱ्याच्या दगडावर तोंडावर पडली. एल्ड्रिडने पाहिलं, हातातलं टाकून धावली. खालचा ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं होतं. लिव्ह उठून बसली. तिने इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. रडली नाही. जिभेने ओठ चाटला आणि हातातल्या लाकडी ठोकळ्याकडे बघू लागली.

एल्ड्रिड तिच्यासमोर मटकन बसली.

हे तिने पाहिलं होतं. दवाखान्यात तिच्या खिडकीसमोर अंगणापलीकडे मुलांचा वॉर्ड होता. सोलफ्रिड नावाची दोन-अडीच वर्षांची पोर तिथे आली होती, कमरेच्या हाडाला रोग झालेली. आठवडाभर तिचं रडणं अंगण ओलांडून यायचं. मग थांबलं. नर्स सांगायच्या, "रुळली बाई एकदाची." व्हरांड्यातल्या बायकांनाही हायसं वाटलं होतं. मग महिन्याने भेटीच्या रविवारी तिची आई दोन बोटी बदलून आली. तिला अंगणातच पोर दाखवली. आई वाकून, हसून, रडून काय काय बोलत होती, आणि पोर तिच्या कोटाची बटणं बघत होती. दुकानात टांगलेल्या कोटाची बघावी तशी. एल्ड्रिडने तेव्हा पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं होतं.

"रुळली नव्हती ती," एल्ड्रिड आता मोठ्याने म्हणाली. लिव्हने मान वर केली नाही. "तिने आशा सोडली होती."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. अठरा दिवसांनी खाडी निळी झाली. हालवारने अंगणात येऊन तोंड वर केलं आणि डोळे मिटून नुसता उभा राहिला. मग घरात धावला.

"तारांवरचं सगळं उलटवून घालू! वरचा उतार आजच कापतो. एल्ड्रिड, तू नुसती कॉफी आणि भाकरी..."

एल्ड्रिड बूट बांधत होती. पाठीवर बांधायची शाल खाटेवर पसरली होती आणि शालीवर लिव्ह बसली होती.

"मी वर चाललेय," ती म्हणाली. "गोठ्यावर. हिला गुन्वोरकडे घेऊन."

"आज?" हालवारला कळेना. "ऊन पडलंय आज!"

"म्हणूनच आज. पावसात निसरडं असतं."

"वेड लागलं का? अगं, आता कुठे ती तुझी झाली."

"माझी नाही झाली. कुणाचीच नाही राहिली." तिने पोरीचा फुटलेला ओठ दाखवला. "काल हे झालं. रडली का? ऐकलंस तू?"

"नाही रडली, बरंच झालं."

"हालवार, दीड वर्षाचं पोर फुटल्या ओठाने रडत नाही ते बरं नसतं. कुणी येईल असं वाटत असलं तरच पोरं रडतात."

आयविन दारात येऊन उभा होता. "सहा दिवस घालवलेस ते पाण्यात," तो म्हणाला. "गुन्वोर दिसली की पुन्हा तिचीच होईल."

"होऊ दे," एल्ड्रिड म्हणाली. "आधी कुणाची तरी होऊ दे. मग माझी करते मी. मला घाई नाही आता, बाबा. मी मरणार नाहीये."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की म्हाताऱ्याला पाईप तोंडात घालावा की काढावा सुचेना.

"डॉक्टरने तुला..." हालवारने शेवटचं करून पाहिलं.

"दाताळं धरू नको म्हणाला. पोरगी उचलू नको असं नाही म्हणाला." तिने शाल उजव्या खांद्यावरून घेतली. "गाठ मार पाठीमागे. घट्ट."

हालवारने गाठ मारली. बाहेर आल्यावर उताराकडे एकदा बघितलं, बायकोकडे एकदा. "पुलापर्यंत येतो," तो म्हणाला.

"गवत बघ," ती म्हणाली. "मी हळू जाईन."

धडधाकट माणूस दोन तासांत वर जातो. एल्ड्रिडला साडेपाच लागले. बर्चची झाडं संपेपर्यंत ती शंभर पावलांनी थांबत होती, नंतर पन्नासांनी, नंतर पुढच्या दगडाशी. डाव्या बाजूला श्वास खोल जायचा नाही. अर्ध्यावरच कुणीतरी दार लावल्यासारखा अडायचा. घाम डोळ्यांत उतरत होता आणि माश्या पाठ सोडत नव्हत्या. ओढ्याशी तिने पोरीला सोडून पाणी पाजलं, आपणही आडवी पडून प्याली.

"आपण गुन्वोरकडे चाललोय," ती प्रत्येक थांब्याला सांगत होती. "ती पळाली नाही. तिला मी पाठवलं. चूक माझी. तुला कळत नसेल, पण मला सांगायला हवं ना?"

लिव्ह ओढ्याकडे बघत होती. चढ संपता संपता मात्र वरून शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या, आणि एल्ड्रिडला पाठीवर जाणवलं की पोरीचं अंग ताठ झालंय.

गुन्वोर गोठ्याबाहेर चुलवणावर मोठं भांडं चढवून चीज काढून उरलेलं दुधाचं पाणी आटवत होती. हातातलं लाकडी ढवळणं तसंच धरून ती वळली. तिच्या तोंडावरचा रंग गेला.

"काय झालं? आजारी आहे का?"

एल्ड्रिडला धाप लागली होती. तिने गाठ सोडली आणि लिव्हला खाली गवतावर उभी केली.

गुन्वोर गुडघ्यांवर बसली. "लिव्ह! माझी चिमणी!"

लिव्हने तिच्याकडे पाहिलं. मग मान वळवली आणि जवळच्या बादलीकडे बघू लागली. गुन्वोरने पुन्हा हाक मारली. पोरीने पाठ केली आणि दोन पावलं टाकून एल्ड्रिडचा घागरा धरला.

गुन्वोरच्या घशातून हुंदका फुटला. "झालं तर. विसरली. बाबा म्हणाले तसंच झालं." तिने पदरासारखा बांधलेला एप्रन तोंडाला लावला. "मग हे दाखवायला आणलंस का तिला एवढ्या वर?"

क्षणभर, फक्त क्षणभर, एल्ड्रिडला घागऱ्याला धरलेली ती मूठ गोड लागली. मग तिने ती मूठ तशीच राहू दिली आणि स्वतः खाली बसली.

"विसरली नाही गं. रागावलीय. विसरली असती तर तुझ्याकडे सरळ आली असती, जनावरांच्या डॉक्टरकडे गेली तशी. उठू नकोस. जवळ येऊ नकोस. नुसती बस इथे."

"भांडं करपेल."

"करपू दे."

तिघी बसल्या. शेळ्या येऊन हुंगून गेल्या. भांड्यातून आधी गोड आणि मग जळका वास यायला लागला. किती वेळ गेला कोण जाणे. लिव्ह एल्ड्रिडच्या मागून हळूच गुन्वोरकडे बघायची आणि गुन्वोरने बघितलं की तोंड फिरवायची. असं सातआठ वेळा झालं. मग ती बाहेर आली, चालत गुन्वोरपर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी तिच्या तोंडावर मारायला लागली. फाट फाट. गुन्वोरने डोळे मिटले, पण हलली नाही. मारता मारता पोरीचा चेहरा वाकडा झाला, खालचा फुटका ओठ पुढे आला आणि तीन दिवसांचं साठलेलं रडणं त्या डोंगरावर असं फुटलं की शेळ्या उधळल्या.

एल्ड्रिड गवतावर पालथी पडली आणि हसू लागली. हसताना तिला खोकला आला, आणि या खेपेला कुणी काही सरकवून घेतलं नाही.

ती खाली गेलीच नाही. गवत गोळा झालं की नाही हे चार दिवसांनी हालवार मीठ आणि कॉफी घेऊन वर आला तेव्हा कळलं. अर्ध्याहून जास्त वाचलं होतं. दोन शेळ्या कमी ठेवाव्या लागतील, एवढंच. त्याने रडव्या-हसऱ्या पोरीला गुन्वोरच्या पायांत घोटाळताना पाहिलं आणि बायकोला विचारलं, "मग आता?"

"आता मी चीज शिकते," एल्ड्रिड म्हणाली. "शेळ्या उतरतील तेव्हा आम्ही तिघी उतरू. बाबांना सांग, माझा कप त्यांनी उकळत ठेवला तरी चालेल."

पहिल्या रविवारी दोघी दूध काढत असताना गुन्वोर म्हणाली, "एक सांगू? ती मला मम्मा म्हणायची ना, तेव्हा मी 'आत्या म्हण' असं सांगायचे. पण तू नव्हतीस तेव्हा नाही सांगायचे. मनातून वाटायचं, तू... तू यायची नाहीस. आणि त्याचं वाईट वाटायचं असंही नाही."

एल्ड्रिडची बोटं सडावर थांबली. मग पुन्हा धार पडू लागली. "तुझ्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं," ती म्हणाली. "अगं, मी परत आले तेव्हा पोरीला टाहो फोडता येत होता. कुणाला घट्ट धरायचं ते येत होतं. ते तू शिकवलंस. मला आता फक्त रांगेत उभं राहायचंय."

त्यांनी एक ठरवलं, बोलून नव्हे, करता करता. गुन्वोर शेळ्यांमागे जायची तेव्हा सांगून जायची. "लिव्ह, मी जाते. घंटा वाजली की येते." पोरगी रडायची. एल्ड्रिड तिला गप्प करायची नाही, घेऊन उंबऱ्यावर बसायची. घंटा वाजायची, गुन्वोर यायची. रोज जायची, रोज यायची. आठवड्याने रडणं आखूड झालं. दुसऱ्या आठवड्यात पोरगी रडता रडताच एल्ड्रिडच्या हातातली भाकरी खाऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात एल्ड्रिड चीज ढवळत असताना तिच्या पाठीला काहीतरी टेकलं. वळून पाहिलं नाही तिने. लिव्ह पाठीला पाठ लावून बसली होती आणि पाइनच्या सुक्या बोंडांशी खेळत होती. एल्ड्रिड तासभर त्याच बाजूने ढवळत राहिली. हात भरून आला तरी हात बदलला नाही.

लिव्ह तिला 'एल्ली' म्हणू लागली. गुन्वोर म्हणाली, "मम्मा म्हण गं."

"राहू दे," एल्ड्रिड म्हणाली. "एल्ली छान आहे. मला कुणीच म्हटलं नव्हतं तसं."

एकदा मोठ्या बोकडाने लिव्हला धडक दिली. ती कोलमडली आणि किंचाळली. गुन्वोर उजवीकडे होती, एल्ड्रिड डावीकडे. पोरगी मधोमध उभी राहून एकीकडून दुसरीकडे बघत राहिली, आणि शेवटी गुन्वोरकडे धावली. एल्ड्रिडने हातातली काडी मोडली. पण मनात म्हणाली, बघितलंन तरी माझ्याकडे.

सप्टेंबरात तिघी शेळ्यांसह खाली उतरल्या. एल्ड्रिडच्या दोन्ही गालांवर रंग आला होता, आणि आयविनने तिला पाहिल्यावर टेबलावर सगळ्यांसारखाच कप ठेवला.

महिनाअखेरीस तोर्लाइफ स्वतः बांधलेली होडी घेऊन गुन्वोरला न्यायला आला. केसांना पाणी लावलेला, कान लाल झालेला उंच माणूस. पेटी होडीत चढली.

"पोरीला आत ने," आयविन एल्ड्रिडला म्हणाला. "बटाटे दाखव, कोंबडं दाखव. तेवढ्यात हे निघतील."

"नाही, बाबा. ती बघेल."

"फार रडेल."

"हो," एल्ड्रिड म्हणाली. "आम्ही दोघी रडू."

गुन्वोर धक्क्यावर उकिडवी बसली. तिने लिव्हचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "लिव्ह, मी जाते. आज घंटा वाजल्यावर यायची नाही. बर्फ पडेल, मग येईन. एल्ली इथेच आहे. एल्ली कुठे जाणार नाही." मग तिने पोरीला उचलून एल्ड्रिडच्या हातांत दिलं. एका बाईच्या हातांतून दुसरीच्या हातांत.

होडी सुटली. लिव्हला समजायला दोन वल्ह्यांचा वेळ लागला. मग तिने पाण्याकडे हात पसरले आणि ओरडली, "मम्मा! मम्मा!" गुन्वोर होडीत ताठ बसून हात हलवत राहिली. तोंड लपवलं नाही तिने, पोरीला दिसत राहील असं वर धरलं. लिव्हने अंग ताणलं, लाथा झाडल्या, एल्ड्रिडच्या छातीवर मुठी मारल्या. नेमक्या त्या शिवणीवर. एल्ड्रिडने तिला खाली ठेवलं नाही, की 'गप्प बस' म्हटलं नाही. "हो गं," एवढंच म्हणत राहिली. "गेली. आपली गुन्वोर गेली. हो गं."

होडी लहान झाली. आणि मग पोरीचं ताणलेलं अंग एकदम सैल पडलं. तिने वळून दोन्ही हात एल्ड्रिडच्या गळ्यात टाकले, तोंड तिच्या मानेत खुपसलं आणि तिथे, तिच्या कातडीवर, गरम गरम, जीव तोडून रडू लागली.

हालवार पुढे झाला. तो घाबरला होता. "दे इकडे. तुझ्या छातीला लागतंय. मी घेतो जरा."

त्याचा हात लागताच लिव्हची मिठी आणखी आवळली. एल्ड्रिडला नीट श्वास घेता येईना.

"राहू दे," ती म्हणाली. "माझ्यापाशी रडतेय ती."

होडी टोकावरून वळून दिसेनाशी झाली तरी ती धक्क्यावर उभी होती. हालवार आणि म्हातारा बटाट्यांच्या शेताकडे निघून गेले. बऱ्याच वेळाने रडणं उचक्यांवर आलं. लिव्हने एल्ड्रिडच्या कॉलरला नाक पुसलं, पुन्हा पुसलं, आणि डोकं खाली बसलेल्या त्या खांद्यावर टाकलं.